धवलारणीचा एलडीएल

घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्ये उरलेल्या गावात हळद म्हटली की आवडाबाई हव्यातच. त्या धवलारीण, म्हणजे हळदी-लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं, धवला, म्हणणाऱ्या. साठी उलटली, तरी दुखणं कसलं ते ठाऊक नाही. सून समृद्धीने हट्टाने त्यांचं रक्त तपासून घेतलं, तेही नेमकं एका हळदीच्या दुसऱ्या दिवशी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वर, आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, एकशे ब्याण्णव.

हा सगळा हळदीतल्या मटणाचा प्रताप, असं बाईंनी स्वतःच ठरवून टाकलं. तीन आठवडे कडक पथ्य पाळलं. जेवणाचा मोह नको म्हणून दोन हळदी चक्क नाकारल्या. त्या घरांनी स्पीकरवर धवले लावून वेळ मारून नेली, ते बाईंना फार लागलं.

दुसऱ्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड शहाण्यासारखं खाली उतरलं होतं. एलडीएल जागचा हलला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणी लवकर गेलं का? वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी, भाऊ पन्नाशीत. दोघंही धडधाकट, बसल्या जागी गेलेले. मग हे एका जेवणाचं नाही, घराण्यातून आलेलं दिसतंय, असं त्या म्हणाल्या. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो आणि आत वर्षानुवर्षं साचत राहतं. रोज गोळी घ्या, गाणं कशाला बंद करता? आणि भावाच्या मुलालाही तपासायला सांगा.

बाईंनी गोळी त्याच दिवशी सुरू केली. भाचा कमलेश मात्र दाद देईना. पंचेचाळिशीचा गडी, रोज जिमला जाणारा. दंड दाखवून सगळं हसण्यावारी न्यायचा. बाईंना राहून राहून भाऊ आठवायचा.

महिन्याभराने कमलेशच्याच लेकीची, ऐश्वर्याची हळद. मांडव भरलेला, नवरी पाटावर, हळदीची वाटी समोर, आणि आवडाबाई गप्प. बँजोवाले थांबले. कमलेश धावत आला.

"तुजा आजा गेला, तुजा बापूस गेला. दोगव पैलवान व्हते," बाई म्हणाल्या. "हिच्या पोरांच्या हलदीला तू मना मांडवान पायजे. सोमवारी रगत देशील त सांग, मंगच मी तोंड उघरीन."

लोक बघतायत, असं तो पुटपुटला. बाई हलल्या नाहीत. कमलेशने एकदा पाटावरच्या लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तो हो म्हणाला.

बाईंनी धवला सुरू केला. पहिल्याच ओळीला त्यांचा गळा दाटून आला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मांडवातल्या बायकांनी तो पुढे नेला.