म्हाताऱ्यांची वर्गणी

वर्गणी मागायला दारात उभं राहिलं की समोरच्या माणसाचं तोंड कसं होतं, ते मला आता पाठ झालंय. देवळाच्या कळसाची वर्गणी असली की माणूस लगेच पैसे आणायला आत जातो. सप्त्याची असली की "बसा ना बाई, च्या घ्या" म्हणतो. आणि मी म्हणाले, की बाबा, गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आलेय, की तो चौकटीला टेकून उभा राहतो आणि विचारतो, "काहून? त्यांची पोरं काय करून राहिलीत?"

हा एकच प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले. सगळा जन्म अंगणवाडीत लेकरांची नाकं पुसण्यात गेला, खिचडी वाढण्यात गेला. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, की यांचे आईबाप काय करून राहिलेत. रिटायर झाल्यावर गुडघ्यांना तेल लावत गुमान घरी बसायचं, तर हे लचांड मीच माझ्या मागं लावून घेतलं. शहाणी ना मी.

सुरू झालं ते मावशीमुळं. ती माझ्या नात्यातली नव्हे, माझ्या घरामागं तिचं घर, आणि सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक लेक पुण्याकडं कंपनीत. एका सकाळी ती न्हाणीत घसरून पडली आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच ओल्या फरशीवर पडून राहिली. मी ताक द्यायला गेले म्हणून कळलं तरी. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण भीती बसली ती बसलीच.

लेक दुसऱ्या दिवशी आला. लहानपणी तो माझ्याच अंगणवाडीत होता, म्हणून अजून मला बाईच म्हणतो. म्हणाला, "बाई, आता मी हिला हितं ठेवत नसतो. घराला कुलूप लावतो आन् घेऊन जातो."

मावशीनं माझा पदर धरला. "मला न्हाई जायचं गं. तिथं चौथा मजला. मागं गेल्ते तवा दिसभर दुसऱ्याच्या भिंतीकडं पाहत बसले. हितं दारात बसलं तर जाणारी-येणारी चार माणसं विचारतेत, मावशी, जेवली का. मला हितंच राहू दे."

माझं डोकं असं आहे, की कुणी पदर धरला की मी आधी हो म्हणते आणि मग विचार करते. मी त्याला म्हणाले, "दोन वेळची भाकरी, अंघोळीला हात द्यायला एक बाई, न्हाणीत धरायला लोखंडी दांडी. एवढं मी करते. मग ठेवशील का हिला?"

त्यानं आईकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुमी बघत असाल तर राहू द्या. पैसे तर मी पाठवतोच."

पाठवायचा. दर महिन्याला पाठवायचा, हे आत्ताच सांगून ठेवते. पण पैसा चुलीपुढं बसून भाकरी थापत नाही, आणि एकटीच्या दोन भाकरींसाठी रोज यायला कुणी तयार होईना. गावात असे आणखी पाच-सहा जण होते. कुणाला मूल नाही, कुणाची लेकरं लांब, कुणाची जवळ असून नसल्यासारखी. मग मीच ठरवलं, की सगळ्यांचं मिळून करू. बचत गटातल्या दोघी डबे करतील, एक बाई घरोघर फिरून अंघोळीपांघोळीचं बघेल, आणि खर्च गावाकडून वर्गणीनं.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं, हळदीचं. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश झाली की प्रत्येकानं एक घमेलं द्यायचं, ती मोंढ्यात विकायची, असं मी डोक्यात बसवलं होतं. रोख पैसा मागितला की माणूस खिसा दाबतो, हळद समोर पडलेली असली की हात जातो, असा आपला माझा हिशेब. सगळा चुकला. ढिगाजवळ उभी राहून मी बोलत राहायची आणि माणसं पॉलिशच्या ढोलाच्या आवाजात काही ऐकू येत नाही असं दाखवायची. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, आज मी एखाद्याच्या आईला भाकरी घातली तर उद्या तो मलाच विचारील, माझ्या आईला भिकारी समजला का?" त्या दिवशी मी घरी येऊन पाय पसरून भिंतीला टेकले ते संध्याकाळी दिवा लावायलासुद्धा उठले नाही.

फक्त वेल्डिंगवाल्या चाचानं काही विचारलं नाही. मी पोरांचं रामायण सांगायला लागले तर म्हणाला, "बाई, वो रहने दो. कोणाच्या न्हाणीत लावायची ते सांगा. म्हातारी केवढी उंच हाय? दांडी त्या मापानं लावावी लागती." स्वतः येऊन भिंतीत दांडी बसवली, मावशीला चारदा धरून उठायला लावलं, आणि चहा न पिता गेला. असा एखादा माणूस भेटतो म्हणून आपण पुढच्या दहा दारांत जातो.

असं रडतखडत चालू होतं. मग सप्त्याचा शेवटचा दिवस आला.

आमच्याकडं काल्याचं कीर्तन संपलं की प्रसादाआधी देणाऱ्यांची नावं माईकवर सांगतात. अमक्याकडून साखरेचं पोतं, तमक्याकडून तेलाचे डबे. नाव माईकवर यावं म्हणून माणूस हात सैल सोडतो, हे सगळ्यांना माहीत. कमिटीचा अध्यक्ष मला म्हणाला, "बाई, तुमचंबी सांगा की. लोकायला कळल्याबिगर ते देणार कसे?"

मी गेले माईकसमोर. त्या दिवशी सकाळीच तीन दारांतून हात हलवत आले होते, डबे करणाऱ्या दोघींचं देणं थकलं होतं, गुडघे ठणकत होते. आधी मी सरळच बोलले. कुणी लक्ष देईना. बायका पत्रावळ्यांचे गठ्ठे सोडत होत्या, माणसं आपसात हळदीच्या भावाचं बोलत होती. मग मात्र माझं डोकं फिरलं.

मी मावशीचं नाव घेतलं. म्हणाले, "पोरगा पुण्यात कंपनीत पगार उचलतो आणि आई इथं ओल्या फरशीवर दिवसभर उपाशी पडून राहते! कुणाला काही वाटतं का रे? देवापुढं बसलात ना?"

पत्रावळ्या सोडणारे हात थांबले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पोरगा पैसे पाठवतो, हे मी सांगितलं नाही. विसरले असं नाही. तेवढं सांगितलं असतं तर कुणाचं काळीज हललं नसतं, हे मला बोलता बोलताच कळत होतं, आणि मी ते गिळलं.

मग काय विचारता! एक जण उठला, म्हणाला, "माझं अर्धं पोतं लिहा." दुसरा म्हणाला, "माझं एक." आख्ख्या वर्षात मिळाली नव्हती एवढी हळद त्या अर्ध्या तासात मिळाली. मी खूश. खोटं कशाला सांगू, फुगून गेले होते.

आणि तेव्हा पुरुषांच्या ओळीतून एक जण उठून, बसलेल्या माणसांतून वाट काढत बाहेर जाताना दिसला. मावशीचा लेक. काल्याच्या प्रसादाला म्हणून त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आला होता. मला पत्ताच नव्हता.

मी धावत, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं, मावशीच्या घरी गेले. तो तिची लुगडी पिशवीत भरत होता. आरडाओरडा काही नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "बाई," तो म्हणाला, "तुमी खोटं न्हाई बोलल्या. पण बराबर बी न्हाई बोलल्या. आता हिला हितं ठेवून मी या गावात कोणत्या तोंडानं यावं?"

मी हात जोडले. म्हणाले, "मी आत्ता जाते, माईकवर सगळं सांगते, पैसे पाठवतोस ते सांगते."

"मंडप उठला, बाई," तो म्हणाला.

मी मावशीकडं वळले. "तू तरी सांग ना त्याला. तुला नाही ना जायचं?"

मावशी खाटेवर बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी काय सांगू? चारचौघांत माझ्या लेकराची मान खाली गेली. आता मला गेलंच पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं गेले. मी फाट्यापर्यंत सोबत गेले.

त्या हळदीवर बाकीच्या सगळ्यांचं वर्षभर निभावलं. डबे वेळेवर जातात, चाचानं उरलेल्या घरांतही दांड्या बसवून दिल्या. लोक म्हणतात, बाईंनी मोठं काम केलं. ऐकलं की मला माझाच संताप येतो. ज्या एका बाईला घरात राहता यावं म्हणून मी दारोदार फिरले, तिलाच मी घरातून काढलं, आणि ते काढण्याच्या बदल्यात ही हळद मिळाली. आता मी कुणाचं नाव कुठं घेत नाही. मग वर्गणीही पहिल्यासारखीच रडतखडत येते. येऊ दे.

मावशीचा आठवड्याला फोन येतो. सून चांगलं करते. लेक कामावरून आला की पाय चेपून देतो. मी त्याच्याशीही बोलले, माफी मागितली, आणि तो हळूहळू निवळला. या सप्त्याच्या आधी तोच म्हणाला, "बाई, हिचं मन न्हाई लागत हितं. सप्त्यानंतर आणून सोडू का? बघसाल का तुमी?" मी आनंदानं हुरळले. मावशीला फोन द्यायला लावला.

ती म्हणाली, "लोक काय म्हणतेत गं माझ्या लेकाला?"

खरं म्हणजे कुणी काहीच म्हणत नव्हतं. दोन दिवसांत सगळे विसरले होते. पण म्हणजे तू गेलीस ती उगाचच, हे तिला कसं सांगू? मी म्हणाले, "चांगलं म्हणतात. तू ये तर खरी."

"न्हाई," ती म्हणाली. "आधी तू माईकवर सांग, की त्यानं आईला नेलं, चांगलं सांभाळून राहिला. तुझ्याच तोंडानं सांग."

"मावशी, एकदा तसं सांगितलं की तुला परत येता येणार नाही. लोक म्हणतील, सांभाळतो म्हणे, आणि आणून सोडली."

"मला कळतं की ते," ती म्हणाली. "तू सांग."

काल्याच्या दिवशी मी मावशीला फोन लावून हातात धरला आणि माईकवर सगळं सांगितलं. तो दर महिन्याला पैसे पाठवायचा, तेही सांगितलं. मागच्या वर्षी मी अर्धंच बोलले होते, तेही. कुणी मान वर केली नाही. पत्रावळ्या वाढायला सुरुवात झाली होती.

मी मंडपाबाहेर आले आणि फोन कानाला लावला. "ऐकलंस का गं?"

"ऐकलं. झालं बाई आता," ती म्हणाली, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. शेवटी लेकानं तिच्या हातातून फोन घेतला.

"बाई," तो म्हणाला, "एवढं चांगलं बोलल्या तुमी, आन् ही काहून रडून राहिली?"