रद्द केलेला शिक्का

ऑफिसात तिला सगळे केरसुणी म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. संपलेलं पेन असो, मागच्या सालची फाइल असो की कुणीतरी विसरलेला डबा, तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. "नको ते साठवलं की हवं ते सापडत नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. बरं, कामात बाई इतकी चोख की मालकसुद्धा तिच्या वाटेला जात नसत.

चार माणसांची कंपनी. प्रोग्रॅम बाकीचे लिहायचे. तो गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर धडपणे पोचवायचं काम हिचं. सगळे भाग एका पेटीत भरायचे आणि वर कंपनीचा डिजिटल शिक्का मारायचा. प्रोग्रॅम उघडायच्या आधी कॉम्प्युटर तो शिक्का तपासतो. ओळख पटली तर या बसा, नाही पटली तर दारातूनच हाकलून देतो.

त्यांचा प्रोग्रॅम आवाज गेलेल्या माणसांसाठी होता. टाइप करायचं, बटण दाबायचं, कॉम्प्युटर बोलतो. कल्पना तिचीच. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या बाबांचा आवाज कायमचा गेला, तेव्हा तिनं मालकांच्या हात धुऊन मागे लागून तो करवून घेतला. बाबा पुन्हा बोलायला लागले, आणि पहिलं काम काय केलं, तर आपल्या मोठ्या बहिणीशी फोनवर भांडले.

आत्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्यामुळे चिठ्ठी नाही, मेसेज नाही, जे काय ते कानांनी. सुरुवातीला ती त्या यंत्राच्या आवाजाला बिचकायची. "हा पत्र्यातला भाऊ मला नको," म्हणायची. मग सवय झाली आणि रोज दुपारी पत्र्यातल्या भावाशी तासभर गप्पा सुरू झाल्या. मात्र गेल्या आठवड्यात दोघांचं कशावरून तरी बिनसलं. बाबांनी फोन करणंच सोडलं. वय झालं तरी खोड जात नाही म्हणतात ते काय खोटं!

आणि त्या दिवशी आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"दुपारी आत नेणारेत," बाबांचा कॉम्प्युटर सकाळी बोलला. "त्याआधी मी अक्काशी बोलणार आहे."

"बोला हो बाबा. आणि आज तरी भांडू नका," ती चपला घालत म्हणाली.

ऑफिसात मोठा दिवस होता. आजवर त्यांचा प्रोग्रॅम लोक कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्यायचे. आता तो अ‍ॅप स्टोअरवर, म्हणजे भर बाजारपेठेतल्या दुकानात मांडायचा होता. त्यासाठी वेगळा शिक्का लागतो. तिनं तो बनवला, पेटी भरली, शिक्का मारला, पेटी तपासणीला पाठवली. कुठे काही अडलं नाही. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा येईपर्यंत तिचं लक्ष शिक्क्यांच्या यादीकडे गेलं. जुना शिक्का तिथंच पडून होता. आता दुकानच थाटलं, मग हे जुनं कशाला? मुदत संपलेले शिक्के तिनं पाहिले होते. त्यांनी शिक्कामोर्तब झालेल्या जुन्या पेट्या बिनतक्रार चालत राहतात. जुना रबरी शिक्का फेकला म्हणून त्यानं उमटवलेले कागद काही खोटे होत नाहीत, असा तिचा साधा हिशेब. तिनं 'रद्द करा' दाबलं. समोर इशारा आला, लांबलचक. एरवी औषधाच्या खोक्यावरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणारी ही बाई, आज चहा आला म्हणून न वाचताच 'हो' म्हणून मोकळी झाली.

चहा संपतो न संपतो तोच पहिला फोन आला. एका गिऱ्हाइकाची बायको होती. "अहो, यांचा प्रोग्रॅम उघडेना. धोकादायक आहे म्हणतोय." लगेच दुसरा फोन. मग तिसरा. तिनं तो इशारा शोधून काढला आणि आता वाचला. मुदत संपणं वेगळं आणि रद्द करणं वेगळं. रद्द करणं म्हणजे जगाला ओरडून सांगणं, की हा शिक्का चोराच्या हाती लागलाय, तो मारलेल्या कुठल्याही पेटीवर विश्वास ठेवू नका. रद्द केलेला शिक्का परत जिवंत होत नाही.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. बाबा.

"बाबा?"

पलीकडे काहीच नाही. मग टकटक. बोटानं फोनवर टकटक, थांबून पुन्हा टकटक. मग नुसता श्वास.

"बाबा, येते. नवीन घेऊन येते. तुम्ही दवाखान्यात वहिनीला मेसेज करा, ती आत्याला वाचून दाखवेल!"

तिनं वेबसाइटच्या पेटीसाठी नवा शिक्का बनवला, पेटी पुन्हा भरली, तपासणीला पाठवली. पडद्यावर 'थांबा' लिहिलेलं होतं आणि ती थांबली. आयुष्यात इतकी कधी थांबली नव्हती. मंजुरी आली तशी पेन ड्राइव्ह मुठीत धरून ती जिना उतरली. निम्म्या जिन्यात वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा फोन आला.

"नेलं गं आत. मी पैसे भरायच्या रांगेत होते, तुझ्या बाबांचा मेसेज आत्ता बघितला. त्यांनी फोन केला होता म्हणे. नर्सनं आत्यांच्या कानाशी धरला, पण पलीकडून कुणी बोलेचना. आत्या म्हणाल्या, 'अजून रुसलाय. असू दे.' आणि आत गेल्या."

घरी बाबा फोन मांडीवर घेऊन बसले होते. तिनं जुना प्रोग्रॅम काढला, नवा घातला. तो चालू होतोय तोवर पुन्हा सुनेचा फोन आला. आत्या ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती.

तिला सांगावं लागलं नाही. बाबांनी तिचं तोंड पाहिलं.

प्रोग्रॅम उघडला. बोलायचं राहिलेलं वाक्य जपून ठेवायची सोय त्यात तिनंच आग्रहानं घालायला लावली होती. बाबांनी सकाळीच लिहून ठेवलेलं वाक्य जसंच्या तसं समोर आलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी बटण दाबलं.

"अक्के, पत्र्यातला भाऊ बोलतोय. बिनधास्त आत जा. बाहेर आलीस की परत भांडू."

मग बाबांनी डोळे पुसले आणि हळूहळू टाइप केलं.

"बिघडलं होतं. तू धावत येऊन दुरुस्त केलंस. तू नसतीस तर मी मुकाच राहिलो असतो."

तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. गप्प राहिली असती तर बाबांना जन्मात कळलं नसतं.

"बिघडलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "साफसफाई करताना मीच बंद केलं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हात की-बोर्डवर नेले, तसेच धरले. मग पुढे होऊन त्यांनी कॉम्प्युटरच बंद केला.