कमळची राखी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. देवालाही नाही — त्याच्यापुढं उभी राहिले की दुसरंच काहीतरी पुटपुटते. शिकले चौथीपर्यंत. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे सगळ्या खुटबाव गावाला ठाऊक आहे. त्याचाच तर — पण थांबा, आधीचं सांगते.

माझे मालक जीप चालवतात, दौंडपर्यंत. एकटी बाई दिसली की म्हणतात, "ताई, पुढं बसा," आणि आपल्या शेजारची जागा देतात. गाडीवर असताना कधी प्यायले नाहीत, कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. घरी वेगळं होतं. पण घरचं कोण बघतं?

कमळ आमच्या बांधाशेजारी तिच्या आईजवळ राहायची. दरवर्षी ह्यांना राखी बांधायची, मला वहिनी म्हणायची. झेंडू तोडायला आम्ही दोघी जोडीनं जायचो. त्या वर्षी, राखीपौर्णिमेच्या जरा आधी, गाडी दारात लावून हे पिऊन रानात आले. मी उसाच्या कडेला गवत कापत होते. कमळ विहिरीच्या मोटारीपाशी पाणी प्यायला वाकली होती. ह्यांनी तिला मागून धरलं. तिचं पोलकं खांद्याला फाटलं. ती ओरडली, झटापट करून सुटली, पळाली. मी विळा घेऊन तशीच उभी. पाहिलं का मी? पाहिलं. सगळं पाहिलं.

तिनं तक्रार दिली. हा माणूस बायकांना शेजारी बसवतो, ह्याचं लायसन काढून घ्या, असंही त्यात लिहायला लावलं. पारावर त्यावरून वाद झाला.

"गाडी बंद असताना काय केलं, त्येचा लायसनशी काय संबंध?"

"का रं, गाडी बंद केली म्हंजी हात बदलत्यात व्हय?" एक म्हातारे आप्पा म्हणाले. लोक हसले. मी हंडा घेऊन तिथूनच चालले होते. तेव्हापासून मला ह्यांचे हातच दिसतात — स्टेअरिंगवर, ताटात.

राखीपौर्णिमेला कमळ आली नाही. ह्यांचं मनगट मोकळं राहिलं. आणि चौकशीला ठाण्यातून जमादार येणार होते.

कसं लिहू? — मी बाजारातून राखी आणली. लाल गोंड्याची. चुलीपुढं, दार लोटून, मी ती ह्यांच्या हाताला बांधली. बायकोनं, नवऱ्याच्या हाताला. ह्यांनी हात पुढं केला आणि तोंड फिरवलं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मला सुचलं ते.

जमादार ओसरीवर बसले. पोलीस पाटील होते, कमळ खांबाशी उभी होती. मला विचारलं, आणि माझा आवाज फुटला.

"सायेब, हिनंच राखी बांधलीया ह्यास्नी. अवंदा बी. हात बघा की. भनीला आसं करतंय व्हय कुणी?"

पाटील म्हणाले, "सायेब, ही बाई कवा तोंड उघडत न्हाई. ती बोलली म्हंजी खरंच आसनार."

कमळनं राखीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाली, "राखी चांगली हाय, वहिनी. कवा बांधली मी?"



लायसन राहिलं. कमळ खोटी ठरली. बायका तिच्याशी बोलेनात. तिची आई तिला घेऊन वडगाव रासाईला, मामाच्या घरी निघून गेली. जाताना आमच्या दारावरून गेल्या — मी आत होते.

पोटासाठी केलं, असं म्हणता येईल. पण आमचं झेंडूचं रान होतं, उपाशी मेलो नसतो. मला लाज नको होती. मी ती कमळच्या पदरात टाकली.

आता शेजारची पोरगी कॉलेजला दौंडला जाते. तिची आई मला म्हणते, "तुमच्या मालकांची गाडी हाय म्हणून घोर न्हाई बघा, वहिनी. पोरगी पुढंच बसती."

मी म्हणते, "व्हय."

आज सकाळीही म्हणाले.