राखून ठेवलेली नाशपाती

माझे काका चांगले शिकलेले होते, तरी सगळे त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचे. त्याला कारण त्यांची नाशपाती. साल खरबरीत आणि मातकट, मान आखूड. झाडावर पिकू दिली तर गाभ्यापासून सडायची आणि वरून काही कळायचं नाही. म्हणून कडक असतानाच उतरवून ती कोठीत पेंढ्यावर मांडायची आणि रोज देठाशी अंगठा दाबून बघायचा. हिवाळा सरता सरता एवढी रसाळ व्हायची, की रस कोपरापर्यंत ओघळायचा. या जातीचं एकच झाड उरलं होतं, काकांच्या परसात. बी पेरली तर निघायचं ते आंबट, रानटी. कलम जगलं तरच जात जगणार होती.

कलमाचा चाकू काकांच्या वडिलांचा. त्याला पाणी लावायचं नाही, तेलाच्या फडक्याने पुसायचं, हा घरचा नियम. रोपवाटिकेतल्या बाईंनी एकदा, रोग पसरू नये म्हणून दर कापानंतर पातं उकळत्या पाण्यात धरायला सांगितलं, तर काका म्हणाले, चाकू आहे, बटाटा नाही.

त्या वर्षी झाडाची सगळी पानं गळली तरी शेंड्याच्या एका फांदीवर करपल्यासारखी काळी पानं चिकटून राहिली. मला ती बघून धास्ती वाटायची. काकांनी फांदी छाटली, चाकू फडक्याला पुसला आणि त्यानेच त्या झाडाच्या काड्या कापून नऊ कलमं बांधली. मी शेजारी सुतळी घेऊन उभी होते. बाईंचं बोलणं मला आठवत होतं, पण काकांना शिकवणार कोण? मूग गिळून गप्प बसले. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

कलमं फुटली की खायची म्हणून काकांनी कोठीत एक नाशपाती राखून ठेवली होती. कलमं फुटली. काका दोन दिवस शीळ घालत हिंडले. मग दमट, उबदार हवा पडली आणि एका रोपाचा कोवळा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकून काळा पडला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. आठवड्यात नऊही गेली. मोठ्या झाडाचा बहर जळाला, खोडावर चिकट थेंब आले.

काका कोठीतून ती नाशपाती घेऊन आले. चाकू माझ्या हातात देत म्हणाले, "आधी उकळ."

मी उकळला, मग फळ कापलं. आत पांढरंशुभ्र, गोड. काकांनी गाभ्यातल्या पाच बिया वेचल्या, पुसल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. बीतून ती येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.