भोंगा वाजला होता का?

माझा दादा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण आल्या आल्या कशालाही हात लावत नाही. आधी चपला काढतो, खुर्ची ओढतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, "काल काय केलंस?" सगळे सांगतात, "काहीच नाही." डॉक्टरला आणि दादाला खरं सांगायचं नाही, असा लोकांचा नियमच आहे.

मी कपडे बेतते, कॉम्प्युटरवर. ज्यांचा एक खांदा उतरलेला, पाठीला बाक किंवा एक हात तोकडा, अशीच गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. सरळ माणसाची अर्धी बाजू बेतली की उरलेली उलटवून मिळते. माझ्या लोकांच्या दोन्ही बाजू वेगळ्या बेताव्या लागतात. काम बाबांपासूनचं. ते टेप धरून एका ठरावीक चालीत मापं सांगायचे, "अठरा... साडेअठरा..." आणि मी पेन्सिलीने वहीत लिहून घ्यायची. म्हातारपणी त्यांनी सगळे बारकावे दादाच्या कॉम्प्युटरवर बोलून ठेवले होते. ते गेले आणि महिनाभरात ती डिस्कही गेली.

तेव्हापासून दादाने जोडीचा ध्यास घेतला. एका कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क. एकीवर लिहाल ते दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी असते. जोडी तुटली तर कळावं म्हणून आत एक छोटा भोंगा. माझ्या कॉम्प्युटरमध्येही त्याने तेच बसवलं. लोक पाहुण्यांची तब्येत विचारतात, दादा त्यांच्या डिस्क किती ते विचारतो.

परवा सकाळी माझा कॉम्प्युटर उठेचना. काळा पडदा आणि सुरू करायला डिस्क सापडत नाही अशी एक ओळ. पाठीला पट्टा लावणाऱ्या एका मुलीचं जॅकेट चार वाजता कापायला द्यायचं होतं. चारदा मापं घेऊन मी ते बेतलं होतं. दादाला फोन केला. तो आला, चपला काढल्या, चष्मा पुसला.

"काल काय केलंस?"

"काहीच नाही."

"भोंगा वाजला होता का?"

"नाही रे."

गेल्या आठ महिन्यांत तो वाजला नव्हता, हे अगदी खरं होतं. त्याआधी एकदा वाजायला लागला, तेव्हा मी त्याची वायर कापून त्याला बटणांच्या डब्यात टाकलं होतं. कॉम्प्युटर नीट चालत असताना कटकट कशाला ऐकायची?

"पहिलीचा सुरुवातीचा भाग बिघडलाय," दादा म्हणाला. "उठायचं कसं ते तिथे लिहिलेलं असतं. दुसरी ठणठणीत आहे." त्याने कॉम्प्युटर दुसरीवरून सुरू केला. माझा जीव भांड्यात पडला. "भोंगा वाजला नाही म्हणजे दोन्ही सारख्याच. आता दुसरीवरचं सगळं पहिलीवर उतरवतो, की झालं."

मी यादीत जॅकेट शोधलं. नव्हतं. सगळ्यात शेवटी एका आजोबांचा कोट होता, आणि तो मी आठ महिन्यांपूर्वी देऊन टाकला होता. दुसरी डिस्क तेव्हाच जोडीतून निसटली होती. भोंगा बिचारा तेच सांगत होता. त्यानंतरची एकतीस माणसं फक्त पहिलीवर होती. त्यांच्यावरच दादा जुनं उतरवायला निघाला होता. त्याचं बोट एंटरवर आलं.

"थांब! भोंगा मी कापला. आठ महिने झाले."

दादाने बोट उचललं. आता चांगलीच खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घातली. त्याने चष्मा पुन्हा पुसला.

"बाबांची डिस्क आपोआप नाही गेली," तो म्हणाला. "नव्या डिस्कवर उतरवत होतो. दिशा उलटी दिली. कोरी डिस्क त्यांच्या आवाजावर उतरली. दाबलं मीच."

ती डिस्क बनवणाऱ्यांना मी नऊ वर्षं शिव्या घालत होते. मला रडूही आलं आणि रागही आला, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळेना. म्हणून मी म्हटलं, "आता नीट दिशा दे."

त्याने पिशवीतून कोरी डिस्क काढून जोडली. पहिलीवरून कोरीवर, असं कुठून कुठे ते मोठ्याने तीनदा वाचलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "तू दाब."

मी दाबलं. पडद्यावर टक्के सरकायला लागले. दादा ते वाचत बसला. "सतरा..." मग जरा थांबून, "अठरा... साडेअठरा..." बाबांच्याच चालीत. त्याला ते कळलंही नसावं. माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी लिहून घेत होते.