व्हाइसची वाकडी दांडी

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. अख्ख्या शांती नगरात माझ्याइतका शहाणा माणूस सापडायचा नाही, त्याची ही हकिकत!

नव्वदच्या आसपास आम्ही मीरा रोडला, शांती नगरात राहायला आलो, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, त्यांचा जुना व्हाइस, वस्तू जबड्यात घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा, मला दिला. जन्मभर फिटर म्हणून राबलेल्या माणसाने आपलं हत्यार माझ्यासारख्या कारकुनाला द्यावं! केवढा विश्वास! आठवडाभर गंज खरवडून, ग्रीस लावून मी तो चकचकीत केला. राहिली फक्त जबडे आवळायची सरकती दांडी. ती वाकलेली, भोकातून सरकेचना!

रविवारी अण्णा बघायला आले. मी वैतागून विचारलं, "अण्णा, कुठल्या गाढवाने वाकवली हो ही?"

अण्णा सुपारी कातरत बसले.

आता वाकडी दांडी सरळ करायला काय लागतं? व्हाइस! डोकं फिरेल नाही तर काय! शेवटी दांडी ठोकून बाहेर काढली, पिशवीत घातली, अण्णांना घेतलं आणि जवळच्या खारी गावात खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्या दामूदादाकडे गेलो.

"ठेवून जा सायेब. तापवून सरल करतो. सांजच्याला न्या."

सासऱ्यांसमोर दुसऱ्याकडून काम करून घेऊ? छे! मी बाह्या सरसावल्या. दांडी त्याच्या व्हाइसमध्ये धरून आवळली. ढिम्म! कोपऱ्यात एक लांब पाइप दिसला. जोर वाढावा म्हणून तो दामूदादाच्या व्हाइसच्या दांडीवर चढवला.

"सायेब, पाइप नका लावू, न्हाय तर..."

"अहो, कळतं मला!"

अण्णा पाइपाकडे बघत दोन पावलं मागे सरकले.

सगळं अंग टाकून ओढलं. माझी दांडी सुतासारखी सरळ! ऐटीत मागे वळलो, तर कौतुक करायला कोणी नाही. दोघं त्या व्हाइसकडे बघत होते. दामूदादाची दांडी वाकली होती!

त्याने दांडीच्या टोकाचे नट सोडवले, वाकडी ठोकून काढली, माझी सरळ दांडी घालून पाहिली.

"माप येकच हाय," म्हणाला आणि वाकडी माझ्या पिशवीत टाकली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. मग अण्णा खाकरले.

"जावईबापू, ते गाढव मीच हो. तरुणपणी मीही असाच पाइप लावला होता."

मला जरा धीर आला. चला, गाढव मी एकटाच नाही!

"फरक एवढाच," अण्णा म्हणाले, "मला कोणी 'नका लावू' म्हणालं नव्हतं."