झाडूदीदीची तालीम

दीदीच्या हातात पुस्तक मी क्वचितच पाहिलं. झाडू मात्र रोज पाहिला. हिंदी मुलखातल्या आमच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागात वर्ग सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो, तेव्हा ती तालीमघराच्या दारात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात ओला पंचा आणि चेहऱ्यावर दिवस उजाडतानाच संपून गेल्यासारखा थकवा. आमची सगळी तुकडी एका ऑटोत मावेल एवढीच होती. "आ गए सब?" असं म्हणून तिने पुढे आलेल्या पहिल्या हातात झाडू दिला. तो हात माझा होता.

मी कोणत्या घरातून आलो होतो, हे इथे सांगायला हवं. माझे वडील रेल्वेत होते आणि ड्युटीनंतरचा त्यांचा सगळा वेळ युनियन आणि जयंतीची पत्रकं छापून वाटण्यात जायचा. स्वयंपाकघराच्या फरशीवर पत्रकांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकलो. पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह कळलं. अशा पोराच्या हातात कुणी झाडू दिला, तर काय होणार? मी तो खाली टाकला. रागात हिंदी सुचेना, म्हणून मराठीतच बोललो, "हा हातातून टाकायला आमच्या आज्यानं गाव सोडलं. मी इथं नाटक शिकायला आलो आहे."

दीदीने माझ्याकडे पाहिलं. "कोणतं गाव?"

"भंडाऱ्याकडचं."

"मंग शेजारीच झालो आपण. माह्या आज्यानंबी टाकला होता." तिने वाकून झाडू उचलला. "इथं सगळ्याईचा नंबर लागते, राजा. काल ह्या मिश्राचा होता. त्याचे पप्पा कलेक्टर हापिसात मोठे साहेब हायेत."

"आणि तुमचा नंबर?"

"माहा रोज." एवढं बोलून ती झाडायला लागली. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. मध्येच ती थांबली आणि फळ्यांतून वर आलेला एक खिळा मला बोटाने दाखवला. "हे पाय. आज इथं तू अनवानी पडला असता." दुसऱ्या दिवशी मी झाडलं. तिचं पटलं म्हणून नव्हे. मिश्राने माझ्या आधी झाडलं होतं आणि कोणत्याही बाबतीत त्याच्या मागे राहणं मला सहन होत नव्हतं.

आम्हाला अभिनय शिकवणाऱ्या या बाईला झाडूदीदी हे नाव आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीने ठेवलेलं. ते तिला माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती.

झाडून झालं की लेव्हली. रंगमंचावर उंची दाखवायला जे लाकडी चौरंग मांडतात, त्यांना आम्ही लेव्हली म्हणायचो. आमच्याकडच्या लेव्हली दीदीने विभागाच्या सुरुवातीच्या काळात स्वतः सुताराजवळ बसून बनवून घेतल्या होत्या. सागाच्या, जड, कोपरे झिजलेल्या. त्या सगळ्या कोठीतून काढायच्या, मांडायच्या, ती म्हणेल तशा बदलायच्या, पुन्हा मांडायच्या. "खालून धरा. गुडघ्यातून उठा, कमरेतून नाही. ज्याचा हात सुटून राह्यला त्यानं आधी वरडाचं, लाजाचं नाही." आम्ही घामाने निथळलो, भिंतीला टेकलो, की ती पाय पसरून खाली बसायची, थर्मासमधला काळा चहा झाकणात ओतायची आणि विचारायची, "थकला? मंग आता बोल."

तिची तालीम तिथून सुरू व्हायची. असं का, हे तिने एकदाच सांगितलं, तेही पायलने, आमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीने, वैतागून विचारलं म्हणून. "दीदी, पहले थका देते हो, फिर एक्टिंग कराते हो. ऐसे कौन करता है?" दीदी चहाचा घोट घेत म्हणाली, "ताजा आदमी आवाज दिखाता है, बेटा. थकने के बाद दिखाने की ताकत नहीं बचती. फिर वो बोलता है." मग माझ्याकडे वळून मराठीत, "तुह्यासारख्याले तर डबल थकवा लागते."

ती स्वतः कायमच थकलेली असायची. इतकी वर्षं शिकवूनही ती अतिथी व्याख्याताच होती. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा नेमणूक व्हायची. मधल्या काळात शंकर नगरमध्ये साहेबलोकांच्या मुलांना भाषणाचे उच्चार शिकवायची, एका शाळेत स्नेहसंमेलन बसवून द्यायची. सिटी बसमध्ये उभ्या उभ्या झोपायची आणि आपला स्टॉप आला की न चुकता जागी व्हायची. तक्रार करायची ती फक्त गुडघ्यांची. मी तिच्या नेमणुकीवर एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि गोल बाजारातल्या चहाच्या टपरीवर तिला वाचायला दिलं. तिने चष्मा नाकावर ओढून शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं हाय. पण वाचनाऱ्याले तू दमच नाही घेऊ देऊन राह्यला."

"अन्यायावर लिहिताना दम कसला घ्यायचा, दीदी?"

"तुले नाही लागत. त्याले लागते." तिने पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मी ते वाटलं. तिने अडवलं नाही.

दुसऱ्या वर्षी सूचना आली. प्रवेश कमी, म्हणून नाट्यविभाग बंद करण्याचा विचार चालू आहे. वार्षिक नाटकाला वरची मंडळी येतील, विभागाचं काम बघतील आणि मग ठरवतील. आम्हाला पदवी मिळणारच होती. दीदीची मात्र सगळी हयात त्या एका खोलीत होती. त्या फळ्या, त्या लेव्हली, भिंतीवर तिने चुन्यात काळा रंग कालवून दिलेला हात. आम्हाला वाटलं, आता ती एखादं सुरक्षित, हसवणारं नाटक घेईल. तिने मला बोलावलं. "तू लिही."

"मी? माझं लिखाण त्यांना झोंबेल."

"झोंबू दे. पण त्याईले ऐकू आलं पायजे."

मी लिहिलं. एका वस्तीतली शाळा पाडायला माणसं येतात आणि बाया तिच्या ओट्यावर बसून राहतात, एवढीच गोष्ट. शेवटी त्यांच्यातली म्हातारी उभी राहते आणि मूठ उंचावून म्हणते, "हम यहाँ से नहीं उठेंगे!" म्हातारी पायल करणार होती. त्या वाक्यापुढे मी तीन उद्गारचिन्हं दिली होती. दीदीने ती पाहिली आणि वही मिटून मला परत दिली.

मोठ्या प्रयोगाच्या आधी आम्ही माझ्या घराजवळच्या रेल्वे कॉलनीत एक प्रयोग लावला. त्या दिवशी दीदी शंकर नगरच्या वर्गाला गेलेली. मी सगळ्यांना जाहीर केलं की आज झाडणं नाही, लेव्हली कॉलनीतली पोरं मांडतील, आपण आवाज राखून ठेवायचा. लिंबूपाणी पाजलं, दुपारी झोपवलं. प्रयोग दणक्यात झाला. प्रत्येक वाक्य शेवटच्या घरापर्यंत पोचलं, पायलची मूठ आभाळाला भिडली. माझी आत्या पुढच्या चटईवर बसली होती. प्रयोग संपल्यावर माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "भाषण मस्त झालं रे बापू. नाटक कवा हाय?"

दीदीला हे पायलने सांगितलं. ती खोकला येईपर्यंत हसली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आत्याले माहा जयभीम सांग."

मोठ्या प्रयोगाच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. लेव्हली विभागातून सभागृहात न्यायच्या होत्या, मैदानापलीकडे. टेम्पो आलाच नाही. मी फोनवर भांडत होतो, तेवढ्यात दीदीने पंचा डोक्याला बांधला आणि एका लेव्हलीचं टोक धरलं. मी ओरडलो, "दीदी, आज नाही! आज सगळ्यांची ताकद लागणार आहे!"

"ताकदीचं काय लोणचं घालतं? धर तिकून."

आम्ही सगळ्या वाहून नेल्या. मिश्राच्या हाताची साल निघाली. पायल विंगेत पाठ टेकून बसली तेव्हा तिला नीट श्वास घेता येत नव्हता. पुढच्या रांगेत साहेब मंडळी येऊन बसली, गळ्यात हार घालून घेतले, पडदा वर गेला.

शेवटचा प्रसंग आला. पायलने उठायला पाहिजे होतं. ती उठली नाही. मी विंगेतून तिला हाताने उठायची खूण केली. ती लेव्हलीवर दोन्ही तळवे टेकून बसून राहिली, जशा आमच्या वस्तीत बाया पाण्याचा हंडा उतरवून बसतात तशी. मग समोर बसलेल्यांकडे बघत, हळू, माझं हिंदी वाक्य विसरून, स्वतःच्या घरच्या छत्तीसगढीत म्हणाली, "हमन इहाँ ले नइ उठन." मूठ नाही, उद्गारचिन्ह नाही. एका थकलेल्या बाईने आपण कुठे बसणार आहोत ते सांगितलं, बस. पडदा पडला तरी सभागृहात कुणी उठलं नाही. पुढच्या रांगेतले साहेबसुद्धा डोळे पुसत बसून राहिले. टाळ्या बऱ्याच वेळाने आल्या.

दीदी टाळ्या कधीच वाजवत नसे. त्या दिवशीही नाही वाजवल्या. शेवटच्या रांगेतून गुडघा धरत आली आणि एवढंच म्हणाली, "पायल, पानी पी ले."

आम्हाला वाटलं, जिंकलो. महिनाभराने आदेश आला. नाटक अत्यंत प्रभावी झाल्याचं पहिल्या ओळीत होतं. विभाग बंद करत असल्याचं दुसऱ्या ओळीत. मला आजही त्या पहिल्या ओळीचा दुसरीपेक्षा जास्त राग येतो. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनीच सही केली. रडण्याने माणसाचा हात थांबतो असं मी तोवर मानत होतो.

खोली रिकामी करायच्या दिवशी मी पत्रकं छापून आणली होती. लेव्हली बाहेर व्हरांड्यात काढून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी कबाडी त्या भंगारात घेऊन जाणार होता. आम्ही त्याच लेव्हलींवर बसलो. जुन्या तुकड्यांतले काही जण आले. दीदीही आमच्यात येऊन बसली आणि माझी छाती फुगली. मी घोषणा दिल्या. ऑफिसचा माणूस कुलूप घेऊन आला, लांबच उभा राहिला, नरमाईने म्हणाला, "मैडम, हमको भी ऊपर जवाब देना है." दुपार गेली. घसे बसले. घोषणा बारीक होत होत थांबल्या. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर चढलं.

तेव्हा दीदीने विचारलं, "थकले का सगळे?"

"हव, दीदी," आम्ही म्हणालो. मी सरळ होऊन बसलो. आता ती म्हणणार, आता बोला. आणि आम्ही पायलसारखे बोलणार होतो. खरं सांगतो, कुलूपवाल्या माणसाने ते ऐकून कुलूप खिशात घातलं असतं असं मला वाटत होतं.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "मंग आता उचला."

कुणालाच कळलं नाही. "आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराशी बोलून ठेवलं हाय मी. मागची पडवी देऊन राह्यले ते. टेम्पो खाली उभा हाय, ह्या टायमाले आला. खालून धरा."

मी उठलो नाही. "दीदी, आपण उठणार नाही म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"नाटकात सांगितलं व्हतं."

"म्हणजे ते खोटं होतं?"

ती माझ्यासमोर वाकली. चेहरा जवळून पाहिला तर खूप म्हातारा दिसत होता. "खोटं नवतं. पण उद्या कबाडी हे घेऊन गेला, तर तू पुढचं नाटक कशावर बसून करशीन? खोली त्याईची व्हती रे. हे आपलं हाय. काहून त्याईले देऊन राह्यला?"

मी तिकून धरलं. माझा हात सुटत होता आणि मी ओरडलो नाही. तिने ते पाहिलं आणि नुसतं म्हटलं, "वरडाचं असते." शेवटची लेव्हल गेल्यावर ती परत वर गेली आणि रिकामी खोली झाडून आली. कुलूपवाला तोवर थांबला.

विहाराच्या पडवीत आता रविवारी तालीम होते. पायल घेते, छत्तीसगढीत. दीदी गुडघ्यांपायी गोंदियाला बहिणीकडे राहायला गेली. त्या दिवशी उठायला नको होतं, असं मला अजून वाटतं आणि फोनवर मी तसं तिला सांगतोही. ती म्हणते, "बरं." लेव्हलींचे कोपरे दुरुस्त केले का, असं विचारते.

मी अजून पत्रकं लिहितो. हल्ली बहुतेक लढे आम्ही हरतो. कधी संध्याकाळी सदर बाजारातल्या छापखान्यातून निघालो की तिथेच दुचाक्यांच्या गोंगाटात एका कानावर हात ठेवून तिला फोन लावतो. ती आधी माझा श्वास ऐकते. मग विचारते, "थकला का?"

"हव, दीदी."

आता ती "बोल" म्हणेल की "उचल", याची वाट बघत मी रस्त्याच्या कडेला उभा राहतो.